तळघरात पाणी शिरल्यावर: सोलापुरातल्या घरमालकांनी कोणतं काम आधी करायचं, कोणतं नंतर

पाऊस उघडला की पहिला फोन मोटारवाल्याला जातो आणि मोठं नुकसान बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं. तळघरातली लाईट चालूच असते, इन्व्हर्टरची बॅटरी पाण्यात असते, बाहेरची काळी माती पाणी पिऊन फुगलेली असते आणि भिंतीला बाहेरून रेटत असते. अशा वेळी आतलं पाणीच त्या भिंतीला आधार देत असतं, आणि आपण तेच एका रात्रीत उपसून टाकतो. दुसरी चूक शेवटी होते. भिंत वरून कोरडी दिसली की दिवाळीच्या आत गिलावा आणि रंग उरकतात, आणि संक्रांतीपर्यंत त्या रंगाचे पापुद्रे सुटायला लागतात.

दोन्ही चुका मेहनत कमी पडल्याच्या नाहीत, क्रम चुकल्याच्या आहेत. पुढचे टप्पे त्याच क्रमाने करा. एखादा टप्पा आपल्याला लागू नसेल तर तो सोडा, पण नंतरचा टप्पा आधी घेऊ नका.

इथे तळघर म्हणजे पेठांमधल्या जुन्या वाड्यांची दगडी तळघरं, बंगल्याखालची खोली आणि अपार्टमेंटचं बेसमेंट पार्किंग. रस्त्यावर थरावर थर पडत गेल्यामुळे जोत्यासकट खाली गेलेल्या खोल्यांनाही हेच सगळं लागू पडतं.

## आधी जमवायच्या वस्तू

पायऱ्या उतरण्याआधी हे हाताशी ठेवा: गुडघ्यापर्यंतचे गमबूट, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, नाका-तोंडाला मास्क, बॅटरी, चार-पाच फुटांची कोरडी काठी, खडू, मोजपट्टी. गाळासाठी फावडी, घमेली, रबरी वायपर आणि रिकामी पोती. ब्लीचिंग पावडर ताजी आणि बंद पाकिटातली घ्या. पाकीट फोडल्यावर तीव्र वास आला नाही तर ती मेलेली आहे, परत करा.

पायाला किंवा हाताला जखम असलेल्या माणसाने पाण्यात उतरू नये. उंदीर आणि जनावरांच्या लघवीतून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार जखमेतून सहज शिरतो. पाण्यात बराच वेळ काम करावं लागणार असेल तर प्रतिबंधक गोळ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या घेऊ नका. मुलांना आणि गरोदर बाईला या कामापासून पूर्ण लांब ठेवा.

## टप्पा १: लाईट, गॅस आणि बंद हवा

मेन स्विच कोरड्या जागेवर असेल आणि तिथवर कोरड्या पायाने जाता येत असेल, तरच तो स्वतः पाडा. मीटर जिन्याखाली किंवा तळघरातच असेल आणि वाटेत घोट्याएवढं जरी पाणी असेल, तरी पुढे जाऊ नका. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवा आणि खांबावरून पुरवठा बंद करायला सांगा.

मेन पाडला म्हणजे घर वीजमुक्त झालं असं समजू नका. इन्व्हर्टर बॅटरीवर चालतो. मेन गेला की तो उलट आपोआप सुरू होतो आणि त्याच्या लाईनवरचे बोर्ड जिवंत राहतात. तो वेगळा बंद करा. तो पाण्यातच असेल तर हात लावू नका, वायरमनला बोलवा. छतावर सोलर पॅनेल असतील तर ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणाऱ्या तारांमध्ये वीज असतेच. त्यांचा इन्व्हर्टर खाली बसवलेला असेल तर आधी घराकडचा स्विच, मग पॅनेलकडचा आयसोलेटर, आणि तेही सोलर बसवणाऱ्या माणसाकडूनच.

गॅसचा प्रश्न तळघरात जास्त गंभीर असतो. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खाली उतरतो आणि तळाशी साठतो. पाण्याने सिलिंडर उचलला जाऊन तरंगतो, आडवा होतो, नळी निघते. वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. माचीस, मोबाईल, बॅटरी, काहीही आत नेऊ नका. बाहेर या आणि १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करा.

बंद तळघरात ड्रेनेजचं पाणी दोन-तीन दिवस साचलं असेल तर त्यातून विषारी वायू सुटतो आणि आतला ऑक्सिजनही कमी होतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. त्यामुळे ‘आता वास गेला’ ही खूण मुळीच भरवशाची नाही. दारं, खिडक्या, झडपा उघडून किमान तासभर हवा खेळू द्या. आत एकट्याने जायचं नाही. दुसरा माणूस पायरीवर उभा हवा, आणि आतल्याला चक्कर आली तर त्याने खाली धावत न जाता मदत मागवायची. अग्निशमन दलाचा क्रमांक १०१. वाचवायला उतरलेला माणूसही त्याच हवेत पडतो, म्हणून हा नियम मोडू नका.

तपासा: उतरताना प्रत्येक पायरी काठीने चाचपा. पाण्याबरोबर आलेले साप आणि विंचू कोरड्या फटीत, कपाटामागे, पोत्यांच्या थप्पीत चढून बसतात. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर जखम कापणं, चोखणं, घट्ट दोरी आवळणं यात वेळ घालवू नका. तो अवयव हलू न देता १०८ ची गाडी बोलवा आणि थेट सिव्हिल गाठा.

बेसमेंटमधल्या गाड्या: पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघू नका. किल्लीसुद्धा फिरवू नका. इंजिनात पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो; दुरुस्ती हजारांतून लाखांत जाते. गाडी ढकलून किंवा ओढून बाहेर काढा.

## टप्पा २: पुरावा

पाणी उपसण्याआधीच फोटो घ्या. उपसल्यावर घेतलेल्या फोटोत फक्त ओली खोली दिसते, किती पाणी होतं ते दिसत नाही. भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा, मोजपट्टी लावा आणि फोटो काढा. चारही भिंती, प्रत्येक मोठी वस्तू आणि यंत्रांच्या नावाच्या पट्ट्या फोटोत याव्यात. एक सलग व्हिडिओ रस्त्यापासून सुरू करून तळघरापर्यंत घ्या, म्हणजे घर कोणतं ते कळतं.

पंचनाम्यासाठी शहरात महापालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात आणि तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या, गावात तलाठ्याकडे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सीनाकाठच्या गावांत २०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरानंतर ज्यांना कागद काढावे लागले, त्यांना पोच असण्या-नसण्याने काय फरक पडतो हे सांगायला नको.

घराचा विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. ‘भारत गृह रक्षा’ या नावाची पॉलिसी असेल तर तिच्यात पूर येतो. घराच्या इमारतीबरोबर सामानालाही विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, इतकं संरक्षण धरलेलं असतं. अनेकांना हे माहीतच नसतं आणि ते फक्त भिंतींचा दावा करतात.

थांबा: सर्व्हेअर येण्याआधी खराब वस्तू फेकू नका. सडणाऱ्या वस्तू ठेवणं शक्य नसेल तर फोटो, वजन आणि एक नमुना ठेवून मगच टाका.

## टप्पा ३: उपसा, पण एका दिवसात नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

सोलापूरची काळी माती पाणी धरून ठेवते आणि फुगते. रस्त्यावरचं पाणी ओसरलं तरी भिंतीमागची माती आठवडाभर तुडुंब असते. एक मीटर उंचीच्या पाण्याचा तळाशी दाब दर चौरस मीटरला सुमारे १ टन असतो, आणि ओल्या मातीचा रेटा त्यावर वेगळा. आतलं पाणी हा दाब तोलून धरतं. ते झटकन काढलं की भिंत आत फुगते, किंवा फरशीखालून पाणी वर दाबून शहाबादी उचलते. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती पांढऱ्या मातीत बांधलेल्या असतात. त्यांच्या सांध्यांतली माती आधीच धुपलेली असते, त्यामुळे त्यांना धोका सर्वांत जास्त.

क्रम असा:

१. बाहेर, भिंतीला लागून पाणी साचलेलं असेल तर आत उपसायचं नाही. आधी चर काढून बाहेरचं पाणी घरापासून वळवा.

२. ड्रेनेजचं पाणी उलटं येत असेल तर नहाणीच्या ट्रॅपवर आणि संडासाच्या भांड्यात वाळू भरलेली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पिशवी दाबून बसवा. हे न करता उपसलं तर गटारच उपसत बसाल.

३. फक्त एक फूट पाणी काढा. पातळीला रेघ मारा. रात्रभर थांबा.

४. सकाळी पाणी रेघेच्या वर आलं असेल तर जमीन अजून भरलेली आहे. २४ तास थांबा, पुन्हा एक फूट काढा, पुन्हा रेघ.

५. पातळी स्थिर राहिली की मग रोज दोन-तीन फूट काढता येतं.

पाणी मुळातच फूटभराच्या आत असेल तर या टप्प्यांची गरज नाही, एकदम काढा.

हिशेब सोपा आहे. १० बाय १५ फुटांच्या खोलीत ३ फूट पाणी म्हणजे ४५० घनफूट, म्हणजे सुमारे १२,७०० लिटर. एक फूट म्हणजे ४,२०० लिटरच्या आसपास. मिनिटाला २५० लिटर ओढणाऱ्या पंपाला त्यासाठी सतरा-अठरा मिनिटं लागतात. म्हणून भाड्याचा पंप दिवसभरासाठी धरू नका. शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून एकच पंप फिरवला तर खर्च वाटला जातो आणि प्रत्येकाला थांबायचा वेळही आपोआप मिळतो.

पंप कोणता: घरातली हौदावरची मोनोब्लॉक मोटार वापरू नका. तिच्या इंपेलरमध्ये गाळ अडकतो, सील जातं आणि पुढे नळाचं पाणी वर चढवायला मोटारच राहत नाही. गाळ ओढणारा मड पंप किंवा डिवॉटरिंग पंप घ्या. तो छिद्रं पाडलेल्या बादलीत बसवा आणि बादलीला जाळी गुंडाळा, म्हणजे चिंध्या आणि पानं आत जात नाहीत.

पेट्रोल किंवा डिझेलचं इंजिन तळघरात, जिन्यात किंवा पोर्चमध्ये ठेवायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच माणूस नेतो. दारं-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब, मोकळ्यावर ठेवा.

विजेचा पंप असेल तर वीज वरच्या कोरड्या मजल्यावरून घ्या आणि वाटेत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, असू द्या. वायरचा जोड पाण्यात किंवा जमिनीवर नको. माणूस पाण्यात असताना पंप बंद आणि प्लग काढलेला, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पाणी सोडताना पाइपाचं तोंड घरापासून किमान १० फूट लांब आणि उताराच्या बाजूला ठेवा. भरलेल्या ड्रेनेज चेंबरमध्ये सोडलेलं पाणी नहाणीतून परत येतं. शेजाऱ्याच्या भिंतीलगत सोडलं तर त्याचं तळघर भरतं.

तपासा, पाणी येतं कुठून: फरशीच्या सांध्यांतून स्वच्छ पाणी झिरपत असेल तर ते भूजल. दुर्गंधी आणि फेस असेल तर ड्रेनेज. पाऊस नसतानाही, नेमकं नळाला पाणी येण्याच्या दिवशी पातळी वाढत असेल तर गल्लीतली जलवाहिनी किंवा तुमचाच हौद गळतो आहे. हौद भरून त्यातली पातळी खडूने आखा आणि १२ तास पाणी न वापरता ठेवा. पातळी उतरली तर उत्तर मिळालं. सोलापुरात पाणी दिवसाआड नव्हे, अनेक दिवसांआड येतं, त्यामुळे ही नोंद तारखेसह ठेवली तरच मेळ लागतो.

थांबा: भिंतीला पोट आलं, ५ मिलिमीटरपेक्षा रुंद भेग पडली, दाराची चौकट अचानक अडकायला लागली किंवा पाणी कमी होताना भिंतीतून माती गळू लागली, तर उपसा बंद करा, माणसं वर काढा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. गवंड्याचा अंदाज इथे पुरेसा नाही.

## टप्पा ४: गाळ ओला असतानाच

काळ्या मातीचा गाळ वाळला की दगडासारखा होतो आणि फरशीच्या सांध्यांत घट्ट बसतो. शेवटचे दोन-तीन इंच पाणी उरलेलं असताना खराट्याने ढवळून गाळ पाण्याबरोबरच पंपाकडे ढकला, निम्मं काम तिथे होतं. उरलेला फावड्याने ओढा. कामाची दिशा वरून खाली: आधी छत, मग भिंती, शेवटी जमीन.

मजूर ठरवताना अंदाज हवा. १० बाय १५ च्या खोलीत ३ इंच गाळ म्हणजे साधारण एक घनमीटर, ओला असताना दीड टनाच्या वर. शंभरावर घमेली जिन्याने वर चढवायची आहेत. चार माणसांची साखळी करा, एकाला दोनदा बोलावण्यापेक्षा ते बरं पडतं.

गाळ गटारात लोटू नका. पुढच्या पावसात तेच गटार तुंबून पाणी परत तुमच्याच दारात येतं. पोत्यांत भरून दारासमोर लावा आणि झोन कार्यालयाला गाडी पाठवायला सांगा.

## टप्पा ५: काय ठेवायचं, काय सोडायचं

२४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते, म्हणून हा निर्णय लांबवू नका.

कापसाच्या गाद्या, उशा, सोफ्याचा फोम, पार्टिकल बोर्डचं फर्निचर सोडून द्या. गटारीचं पाणी आतपर्यंत जातं आणि ते धुऊन निघत नाही. चादरी, टॉवेल, सतरंज्या, गोधड्या मात्र वाचतात: आधी साध्या पाण्यात गाळ काढा, मग गरम पाण्यात साबणाने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. गाळासकट गरम पाण्यात टाकलेल्या कपड्यांवरचा काळा डाग कायमचा बसतो.

ज्वारीचं पोतं वरून कोरडं वाटलं तरी पाणी लागलेलं धान्य खायला ठेवू नका, जनावरांनाही घालू नका. बुरशीचं विष उन्हात वाळवूनही जात नाही आणि दळूनही नाही. वर्षाचं धान्य टाकताना जीव तुटतो हे खरं, पण पोटात गेलेलं ते विष थेट लिव्हरवर जातं.

सागवानी सामान सावलीत वाळवा; उन्हात ठेवलं तर फळ्या पिळतात. ड्रॉवर लगेच ओढू नका, फुगलेले असतात. मागची फळी काढून आधी हवा जाऊ द्या.

कागदपत्रं, म्हणजे खरेदीखत, मिळकत पत्रिका, शाळेचे दाखले, ओली असताना एकमेकांपासून ओढून वेगळी करू नका. स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून गाळ काढा आणि कोऱ्या कागदांमध्ये ठेवून पंख्याखाली वाळवा. गठ्ठा मोठा असेल आणि दोन दिवसांत वाळणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदाला बुरशी लागत नाही, आणि सवडीने थोडे थोडे काढून वाळवता येतात.

खाली यंत्रमाग असतील तर मोटारी काढून वाइंडिंगवाल्याकडे द्या. बाहेरून कोरडी दिसणारी मोटार जोडून बघण्याचा मोह आवरा. भट्टीत वाळवून मेगरवर (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्रावर) किमान १ मेगओहम आल्याशिवाय जोडायची नाही. बेअरिंगमधलं ग्रीस बदलूनच घ्या, कारण त्यात गेलेली बारीक माती महिन्याभरात बेअरिंग खाते.

## टप्पा ६: धुणं आणि जंतुनाशन

गाळावर ब्लीचिंग पावडर भुरभुरणं हा पैशांचा नुसता चुराडा आहे. क्लोरीन मातीवरच खर्च होतो आणि जंतू खाली जिवंत राहतात. आधी साबणाच्या पाण्याने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि मगच औषध.

प्रमाण: १० लिटर पाण्याला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर, ताजी असेल तर. प्लॅस्टिकच्या बादलीत मोकळ्या हवेत कालवा, अर्धा तास निवळू द्या, वरची निवळी वापरा. खालचा चुन्याचा साका भिंतीला पांढरे डाग पाडतो. जमीन आणि भिंती, पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत, या निवळीने ओल्या करा, अर्धा तास तशाच ठेवा आणि धुऊन घ्या. लोखंडी खिडक्या आणि शटर लगेच धुवा, नाहीतर गंजतात.

थांबा: ब्लीचिंगमध्ये संडास धुण्याचं अॅसिड किंवा दुसरं कोणतंही औषध मिसळू नका. अॅसिडबरोबर त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि तळघरात तो बाहेर जायला वाटही नसते.

## टप्पा ७: हौद

सोलापुरात घराघरांत जमिनीखाली हौद आहे, आणि तो बहुतेक वेळा तळघराच्याच भिंतीला लागून असतो. झाकणावरून किंवा भेगेतून घाण पाणी आत गेलं तरी हौदातलं पाणी दिसायला स्वच्छच असतं. तळघर चकचकीत करून घरातली मुलं मात्र जुलाबाने आजारी पडतात, ती या हौदामुळे. आसपास फूटभर पाणी साचलं होतं, तर हौद दूषित झाला असंच धरून चाला.

१. हौद पूर्ण रिकामा करा. पण भोवतालची जमीन भरलेली असताना नाही. टप्पा ३ मधली पातळी स्थिर झाल्यावरच. रिकाम्या हौदाच्या भिंतींनाही बाहेरून तोच रेटा बसतो.

२. शक्यतो वरूनच लांब दांड्याच्या ब्रशने घासा. आत उतरावंच लागलं तर झाकण उघडं ठेवून पंख्याने बराच वेळ हवा मारा, कमरेला दोरी बांधा आणि वर दोन माणसं उभी करा.

३. हौद भरून दर १,००० लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंगची निवळी टाका. ६ बाय ५ बाय ५ फुटांचा हौद म्हणजे सुमारे ४,२५० लिटर, त्याला ६४० ग्रॅम. हे पाणी मोटारीने वरच्या टाकीत चढवा, प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडा, मग बंद करा आणि किमान १२ तास तसंच राहू द्या. पाइपांतली घाण या एका कृतीनेच निघते.

४. ते सगळं पाणी ड्रेनेजमध्ये सोडा. पिऊ नका, झाडांना घालू नका.

५. पुढच्या पाळीचं पाणी भरल्यावर आरोग्य कर्मचाऱ्याकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करून घ्या. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा. तोवर पिण्याचं पाणी उकळूनच.

शुद्धीकरणाला एक पूर्ण हौद पाणी खर्च होतं आणि पाळी लांब असते, त्यामुळे ३ ऱ्या पायरीसाठी टँकर मागवा आणि नळाचं पाणी ५ व्या पायरीसाठी राखा. अंगणातल्या बोअरच्या केसिंगवरून पाणी गेलं असेल तर बोअरचं पाणीही तपासून घेतल्याशिवाय पिऊ नका.

शौचालयाची टाकी भरली असेल तर तिच्यात माणूस उतरवायचा नाही; २०१३ च्या कायद्याने ते गुन्हाही आहे. सक्शनची गाडी बोलवा, आणि तीही जमिनीतलं पाणी उतरल्यावर.

## टप्पा ८: वाळवणं

भिंत हाताला कोरडी लागते ती वरची साल. दगडी किंवा विटांच्या भिंतीला दर इंच जाडीमागे साधारण महिना धरतात, आणि तळघराची भिंत एकाच बाजूने वाळते. दोन फुटी दगडी भिंत या पावसाळ्यात वाळणारच नाही. तिला पुढचा उन्हाळा लागेल. हे आधीच मान्य केलं की बाकीची घाई आपोआप संपते.

पाण्याच्या रेघेपासून दीड-दोन फूट वरपर्यंतचा गिलावा खरवडून काढा, कारण ओल रेघेच्या वर चढते. पंखा आतली हवा बाहेर फेकेल असा, दाराकडे तोंड करून लावा. खोलीच्या मध्यात लावलेला पंखा तीच दमट हवा फिरवत राहतो. खिडक्या पाऊस नसलेल्या दिवशी अकरा ते पाच उघड्या ठेवा, रात्री आणि पावसात बंद. दमट हवा गार भिंतीला लागली की घाम सुटतो आणि भिंत आणखी ओली होते. ऑक्टोबर हीटचे तीन-चार आठवडे सोलापुरात वाळवणीला फार उत्तम. त्या दिवसांत तळघरात सामान भरून ते वाया घालवू नका.

कोळशाची शेगडी लावून तळघर वाळवू नका. ओल जात नाही, जीव जातो.

भिंतीवर पांढरा लोणा (क्षार) फुटला की कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर तो विरघळून परत आत जातो.

तपासा: फूट बाय फूट पारदर्शक प्लॅस्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. २४ तासांनी आतून थेंब दिसले किंवा भिंत गडद झाली, तर अजून वाळलेली नाही. तळाशी, मध्यावर आणि कोपऱ्यात, अशा तीन जागी करा. कोपरा नेहमी शेवटी वाळतो.

काळी माती वाळताना आकसते, त्यामुळे नव्या भेगा दोन-तीन महिन्यांनी दिसतात. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि महिन्याने पाहा. वाढत असलेली भेग बुजवण्यात अर्थ नाही.

## टप्पा ९: लाईट परत जोडणं

पाण्याखाली गेलेले एमसीबी, आरसीसीबी, स्विच आणि सॉकेट वाळवून वापरायचे नसतात, बदलायचे असतात. आतल्या स्प्रिंगवर गाळ बसलेला आरसीसीबी ऐन शॉकच्या वेळी पडत नाही. कंड्यूटमध्ये पाणी उभं राहतं, त्यामुळे वायर ओढून काढा, पाइपात हवा मारा, जोड असलेल्या वायर नव्या घाला. परवानाधारक वायरमनकडून मेगर आणि अर्थिंगची तपासणी करून घ्या. १ मेगओहमच्या खाली आलं तर लाईट जोडू देऊ नका. महावितरणच्या मीटरचं सील स्वतः तोडायचं नाही, त्यांना कळवा. नवे बोर्ड आणि इन्व्हर्टर पाण्याच्या रेघेच्या किमान दोन फूट वर घ्या, जमलं तर तळमजल्यावरच न्या.

## टप्पा १०: गिलावा आणि पुढचा पावसाळा

प्लॅस्टिकची परीक्षा तिन्ही जागी उतरल्यावरच गवंडी बोलवा. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा नको. तो ओल आत कोंडतो आणि दगडाची साल घेऊन पडतो. चुन्याचा गिलावा महाग वाटला तरी तोच करा. आतून वॉटरप्रूफिंगचं रसायन फासून पाणी थांबत नाही, कारण पाणी मागून ढकलतं आणि थर फुगून सुटतो. पैसा बाहेरच्या बाजूला घाला: भिंतीलगतच्या पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार, छताच्या पाइपांची तोंडं घरापासून लांब, आणि भिंतीलगतची काळी माती दोन-तीन फूट रुंदीत काढून कुटलेला मुरूम. मुरुमावर काँक्रीटचा पट्टा हवाच, नाहीतर तोच मुरूम पाण्याला भिंतीपर्यंत वाट करून देतो.

ड्रेनेजच्या लाईनवर, घराबाहेरच्या चेंबरपाशी पाणी उलटं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व बसवा आणि मे महिन्यात उघडून त्याची झडप साफ करा. केस अडकलेली झडप बंद होत नाही. तळघराच्या सर्वांत खोल कोपऱ्यात २ बाय २ बाय अडीच फुटांचा खड्डा घ्या, त्यात फ्लोट स्विचचा पंप ठेवा आणि त्याची वीज वरच्या मजल्यावरून द्या. मृगाआधी त्या खड्ड्यात बादल्यांनी पाणी ओतून पंप आपोआप सुरू होतो का आणि पाणी संपल्यावर आपोआप बंद होतो का, हे दोन्ही बघा. नंतर मेन पाडून, इन्व्हर्टरवरही तो चालतो का ते पाहा. जोराच्या पावसात लाईट जातेच.